पापण्यांवरचा राखाडी निळा

मुगभाट, गिरगाव
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. सुरुचीस,

कालिंदीमावशीचे अ. उ. आ. आणि वर एक टप्पल. परवा आलीस तेव्हा मी पाटीवर लिहून पूर्ण करायच्या आतच तुझी उत्तरं तयार. घसा माझा काढलाय गं, डोकं जागेवर आहे. वाक्य तरी पुरं करू द्यावं माणसाला.

आता म्हणशील, घोडपदेव ते गिरगाव काय लांब, पत्र कशाला, फोनवर मेसेज टाकायचा. फोन तुझ्या काकांच्या उशाशी असतो आणि तो टिंग वाजला की ते चष्मा लावतात. पाटीवर लिहावं तर तेही ते मोठ्यानं वाचतात, कोर्टात पुकारा केल्यासारखं. माझा आवाज गेल्यापासून या घरात माझं बोलणं त्यांच्याच तोंडून होतं. पण बंद पाकिटाला हा माणूस हात लावणार नाही. जन्मभर कोर्टात कारकुनी केली, दुसऱ्याचं टपाल उघडणं म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. म्हणून पत्र. तूही पत्रानंच उत्तर दे.

बातमी अशी की परळच्या डॉक्टरीणबाईंनी आता औषधं थांबवूया म्हणून सांगितलं. गाठ पुन्हा आलीय आणि आता कापण्यासारखं काही उरलं नाही. त्या इतक्या अवघडून बोलत होत्या की मीच त्यांना पाटीवर लिहून दिलं की समजलं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पाटी अर्थातच काकांनी वाचून दाखवली. वाचताना शेवटच्या शब्दाला अडखळले.

तर माझं एक काम आहे. मी जाणार ती सवाष्ण जाणार. शालनवन्संनी मला सगळं समजावून सांगितलंय, जणू डोहाळजेवण आहे. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, ओटी, कपाळभर मळवट. हिरवं पातळ कपाटात आणूनसुद्धा ठेवलंय. ते सगळं होऊ दे. फक्त त्यात तू माझ्या डोळ्यांना आयशॅडो लावायची.

हसू नकोस. तुझ्या बारशाला, नवी नवरी होते मी, ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं दिलेली निळी डबी उघडून मी आरशापुढे बसले होते. हे चपला घालून दारात उभे होते. माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले की मी खाली थांबतो, तू ते धुऊन ये. ओरडले असते तर भांडले असते गं मी. ते ओरडलेच नाहीत. साबणानं धुतलं, डोळे लालभडक झाले, आणि दादरच्या हॉलमध्ये सगळ्यांना वाटलं की बहिणीला मूल झालं नि आपल्याला नाही म्हणून कालिंदी रडून आली. तेव्हापासून डबी उघडली नाही. बाकी माणूस सोन्यासारखा, तक्रार नाही. पण एवढं एक भांडण माझं राहून गेलंय. मी जाईन त्या दिवशी ते समोर उभे असतील, बघतील, आणि धुऊन ये असं म्हणणार नाहीत.

तू ऑफिसला जाताना इतकं छान लावतेस. तूच लाव. हो म्हणून कळव. राजेशरावांना आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
मावशी


घोडपदेव
१९ जानेवारी २०२५

ती. सौ. मावशीस,

शि. सा. न. वि. वि. वगैरे सगळं आहेच, पण मी भयंकर रागावलेय. तुझं पत्र ऑफिसच्या कँटीनमध्ये उघडलं. डब्यातली भाजी तशीच परत आणली. सासूबाईंना वाटलं मीठ जास्त झालं.

मावशी, हा शुद्ध म्हातारचळ आहे. मेकअप जिवंत माणसाला करतात. आई गेली तेव्हा मी भिंतीला टेकून नुसती उभी होते, मला तिचे केससुद्धा विंचरता आले नाहीत, तूच विंचरलेस. आणि आता तू मला सांगतेस की ब्रश घेऊन ये! मला नाही जमणार. नाही म्हणजे नाही. रविवारी मी येते, तू आरशापुढे बस, तुझ्या जिवंत डोळ्यांना लावू, आणि काकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. तू पाटीवर काय लिहायचं ते लिही. त्यांनाच ते मोठ्यानं वाचावं लागेल, हे तरी लक्षात आलंय का तुझ्या?

तरी पण तुझा हट्ट मला माहीत आहे. म्हणून भाजणीचा डबा पाठवतेय, शेजारचे रघुभाऊ तिकडेच कामाला येतात, ते आणून देतील. भाजणी वरवर काढ, खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत एक डबी आहे. सहा रंग आहेत, दोन ब्रश आणि त्वचेच्या रंगाची एक ट्यूब. तू स्वतः लावून बघ, खेळ, मजा कर. त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी काहीच बोललेले नाही, हे ध्यानात ठेव.

डबी पिठात पुरताना सासूबाईंनी पाहिलं आणि ह्या काय म्हणून विचारलं. मी ठोकून दिलं की मावशीच्या डोळ्यांचं औषध आहे. आता त्या रोज संध्याकाळी विचारतात की मावशीच्या डोळ्यांक गुण इलो काय. काय सांगू?

काकांना नमस्कार. पेज नीट घे. रागावलेली असले तरी तुझीच आहे.

तुझी
सुरुची


गिरगाव
३ फेब्रुवारी २०२५

चि. सुरुचीस,

रागीट पोरीला अ. उ. आ. भाजणी पोचली. भाजणीखालचं औषधही पोचलं. सासूबाईंना कळव की गुण अजून येत नाहीये, उलट दुखणं वाढलंय.

हे सकाळी वाचनालयात जातात तेवढ्यात मी दाराला कडी घालते. पहिल्या दिवशी तपकिरी लावला. वाटलं, जन्मात कधी झोपले नाही अशी दिसतेय. दुसऱ्या दिवशी तो मोरपंखी, चमचमणारा. बाई बाई बाई! गणपतीच्या देखाव्यातली राक्षसीण. माझ्या पापण्या म्हणजे धुतलेल्या मलमलीची चुरगळलेली चिंधी, सगळी चमक घड्यांत जाऊन बसली आणि उरलेली गालावर सांडली. हात थरथरतो, त्यामुळे एक डोळा भुवईपर्यंत. पुसता पुसता यांची पावलं जिन्यावर वाजली. मी कडी काढली आणि टॉवेल तोंडाला लावून बसले, यांना वाटलं ओकारी आली. अर्धा तास पाठ चोळत होते माझी.

मला त्याचं वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण सांगितलं नाही.

हल्ली दुपारी यांची शाळा असते. मी मास्तरीण. कुकर कसा लावायचा, गॅसचा नंबर कसा लावायचा, दुधाला विरजण किती, मोरीतला बल्ब कुठल्या दुकानात. मी पाटीवर लिहिते, ते मोठ्यानं वाचतात. काल मी लिहिलं, मी गेल्यावर भाताला कणी नको, जुना कोलम आणत जा. त्यांनी पुकारा केला, मी गेल्यावर, आणि मग पुढचं वाचलंच नाही. पाटी खाली ठेवून गॅलरीत गेले. रस्त्यावर काय एवढं बघायचं होतं कोण जाणे. भात अजून जमत नाहीये. एकदा इडली, एकदा खीर. मला त्यांचीच काळजी आहे गं. माझं काय, मी सुटणार. लेक म्हणावा तर ध्रुव तिकडे टोरांटोला, तो दर रविवारी चेहरा दाखवतो, पण चेहऱ्यानं भात होत नाही.

तू त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल काही बोलली नाहीस. मी वाट बघतेय. लवकर बोल. माझ्याकडे वाट बघायला फार जागा नाही.

तुझी
मावशी


घोडपदेव
११ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. मावशीस,

शि. सा. न. राग गेला. तुझ्यावर राग टिकत नाही, हा तुझा जुना धंदा आहे.

आता नीट ऐक. मोरपंखी अजिबात नको. चमकवाले रंग आपल्या वयाला घड्या दाखवतात, हो, आपल्या, मीही एक्केचाळीसची झालेय. खालच्या ओळीत मधला जो राखाडी निळा आहे ना, बिनचमकीचा, तो घे. तुझा रंग गोरा, आणि आता तर फिकट झालीयेस. तो तुला शोभेल. तुला निळाच हवा होता ना? मग हाच.

आधी पापणी कोरडी पुसायची. तेल, क्रीम काही नको, नाहीतर रंग घडीत गोळा होतो. त्वचेच्या रंगाच्या त्या ट्यूबमधला तांदळाएवढा ठिपका अनामिकेनं थोपटायचा, घासायचा नाही, तुझी कातडी नाजूक झालीय. वर जरा पावडर. ब्रश रंगावर नुसता टेकवायचा आणि डबीच्या काठावर झटकायचा, तू बुडवतेस म्हणून गालावर सांडतो. हात थरथरत असेल तर ब्रश सोड, बोटानं लाव, कोपर टेबलावर टेकव. पापणीच्या मध्यापासून बाहेर जायचं. कड कोरड्या ब्रशनं पुसट करायची. पुसताना साबण नको, कापसावर दोन थेंब खोबरेल. आणि डोळा उघडा ठेवून बघायचं, कारण मिटल्यावर छान दिसणारा रंग उघडल्यावर घडीत गडप होतो.

हे लिहिलं आणि मग लक्षात आलं की तुला तो मिटलेल्याच डोळ्यांसाठी हवाय. पेन खाली ठेवलं. राजेशनं विचारलं काय झालं, तर उठून कणीक मळली, मग परत बसले.

बरं. लावीन मी. तुझा जीव त्यात आहे तर लावीन. शालनआत्या काय म्हणेल, लोक काय म्हणतील, बघून घेईन. पण मला आणखी एकदा विचारू नकोस, आणि लवकर जायचं काही कारण नाहीये. हे वचन आहे, आमंत्रण नाही.

काकांना सांग, भाताला पाणी बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. जमेल.

तुझी
सुरुची


घोडपदेव
१८ मार्च २०२५

ती. ~~सौ.~~ मावशीस,

सवयीनं लिहून गेले आणि मग खोडलं. नवा कागद घेतला तर हात पुन्हा तेच लिहील, म्हणून हाच पाठवतेय. नमस्कार.

तेरावं झालं, ध्रुव काल पहाटेच्या विमानानं गेला, आता तुझं घर रिकामं झालं असेल. काय लिहू? काका असे कसे जातील? कोथिंबीर आणायला खाली उतरलेला धडधाकट माणूस, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बसतो काय आणि बसल्या बसल्या जातो काय! आम्ही सगळे तुझ्याकडे डोळे लावून बसलेले. तुझी तयारी, तुझं पातळ, तुझ्या मागे काकांचं कसं होईल याच्या चर्चा. त्यांच्याकडे कुणी बघतच नव्हतं. ते स्वतःसुद्धा नाही.

त्या दिवशी गर्दीत मला तुझ्याजवळ येता आलं नाही. आत्यानं तुझं कुंकू पुसलं तेव्हा मी दारातच होते. हे असलं आता कोण करतं, असं मोठ्यानं म्हणायला पाहिजे होतं मी. आवाज तुझा गेलाय की माझा, तेच कळेना.

मावशी, इकडे ये ना राहायला. खोली लहान आहे, पण सासूबाई स्वतःहून म्हणाल्या. उत्तर दे. नुसतं ‘बरी आहे’ एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझी
सुरुची


गिरगाव
२४ मार्च २०२५

चि. सुरुचीस,

आशीर्वाद. बरी नाही.

खोडलेलं पाहिलं. रागावले नाही. त्या दोन अक्षरांकडे बराच वेळ बघत बसले, एवढंच. तुझ्या काकांनी जन्मात कधी रांग मोडली नाही. दुधाच्या केंद्रावर, रेशनला, बसला. कुणी पुढे घुसलं तर त्याला मागे पाठवायचे. आणि इथे नंबर माझा होता, सगळ्या जगाला ठाऊक होतं, आणि हा माणूस मला मागे ठेवून पुढे गेला. मला इतका राग आलाय गं त्यांचा. आणि तो काढायचा कुणावर?

वन्संना बोल लावू नकोस. रडत रडतच करत होत्या. त्यांचा भाऊ होता तो. त्यांना जे शिकवलं ते त्यांनी केलं. मी पाटीवर थांबा असं लिहिलं होतं. पण पाटी मोठ्यानं वाचणारा माणूस खाली चटईवर होता. ती कुणाच्या तरी गुडघ्याखाली गेली आणि अक्षरं पुसली.

कुकर लावून गेले होते ते. शिट्ट्या मीच मोजल्या, मीच गॅस बंद केला, आणि मग खाली आरडाओरडा ऐकू आला. संध्याकाळी सगळे स्मशानातून यायचे होते, वन्सं म्हणाल्या की घरातलं शिजलेलं सगळं टाकून द्यायचं. त्या मोरीत गेल्या तेवढ्यात मी कुकर उघडला. सुरुचे, भात जमला होता. मऊ, मोकळा, जसा पाहिजे तसा. मी त्यातला मूठभर पाण्यात कुस्करून उभ्यानंच खाल्ला. पाप लागायचं तर लागू दे.

हिरवं पातळ वन्संनी त्यांच्या सुनेला, आकांक्षाला दिलं. ती सवाष्ण आहे, तिच्या उपयोगी पडेल. आता मला मळवट नाही, चुडा नाही. घरातलीच एखादी पांढरट साडी, झालं. आणि तुझं ते कामही आता नको. ज्यांच्या देखत लावायचा होता ते राहिले नाहीत. माझं भांडण त्यांच्याशी होतं, जगाशी नव्हतं. डबी शिवणाच्या डब्यात आहे. आलीस की घेऊन जा.

घोडपदेवला येणार नाही. इथे त्यांची खुर्ची आहे. सासूबाईंचे उपकार मानले म्हणून सांग. आठवण असू दे, एवढंच मागते.

मावशी


घोडपदेव
२ एप्रिल २०२५

ती. मावशीस,

नमस्कार. डबी मी घेऊन जाणार नाही. दिलेलं वचन असं परत घेता येत नाही.

काकांच्या देखत नाही तर नाही. तुझ्या स्वतःच्या देखत काही किंमत नाही का त्याला? एक्केचाळीस वर्षं तुला तो रंग हवा होता. काकांना हरवायलाच हवा होता असं तू म्हणतेस, पण बारशाच्या दिवशी आरशापुढे बसलीस तेव्हा भांडण कुठे होतं? तेव्हा तुला नुसतं छान दिसायचं होतं. मी वेळ येईल तेव्हा लावणार. शालनआत्यानं मध्ये हात घातला तर तिचा हात धरीन. झालं भांडण तर होऊ दे.

सासूबाईंना अखेर खरं सांगितलं. त्यांना मुळीच पटलं नाही. विधवेच्या डोळ्यांक रंग म्हणजे लोक तोंडात शेण घालतील, असं म्हणाल्या. स्वतः त्यांनी सासरे गेल्यापासून आरशात धड पाहिलेलं नाही. चिडून लालबागला मसाला कुटायला निघून गेल्या. येताना तुझ्यासाठी कोकमाची सोलं घेऊन आल्या, पाठवतेय. त्यांचा राग असाच असतो.

खात जा गं. मी रविवारी येतेच.

तुझी
सुरुची


गिरगाव
२१ एप्रिल २०२५

चि. सुरुचीस,

अनेक आशीर्वाद. तू तिन्ही रविवारी येऊन गेलीस, पण वन्सं समोर होत्या आणि पाटी आता त्या वाचतात. म्हणून पुन्हा पाकीट.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा राग आला. मोठी आली मला शिकवणारी! मग एका सकाळी उठले तर काही करायलाच नव्हतं. यांचं गरम पाणी नाही, चहा नाही, वाचनालयाची पिशवी नाही. शिवणाचा डबा उघडला. तू लिहिलं होतंस तसंच केलं. कोपर टेकवलं, अनामिकेनं थोपटलं, राखाडी निळा, मध्यापासून बाहेर. डावा डोळा जरा गडद झाला, पण सांडला नाही हो.

सुंदर दिसले असं म्हणणार नाही. पण दिसले. इतके दिवस आरशात नुसतं पांढरं कपाळ दिसायचं, त्या दिवशी त्याच्या खाली मी होते.

मग मी दाराकडे बघत बसले. किती वेळ बसले कोण जाणे. कुणी म्हणालं नाही की मी खाली थांबतो, तू धुऊन ये. आणि तेव्हा मला कळलं गं, की हे गेले. जिन्यात नाही कळलं, तेराव्याला नाही कळलं. तेव्हा कळलं. खूप रडले. माझं रडणं म्हणजे गळ्याच्या भोकातून नुसता वारा, ऐकायलाही काही नाही. रंग ओघळून हनुवटीपर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. आता रोज लावते. वन्सं दहाला पेज घेऊन येतात, त्याच्या आत पुसून टाकते. हसायचं तर हस, एवढी वर्षं उलटली तरी अजून धुतेच आहे. पण तुझं खोबरेल चांगलं, डोळे चुरचुरत नाहीत. सकाळचा तेवढा तासभर मला बरं वाटतं. यांच्या खुर्चीसमोर बसते, वाटेल ते मनात बोलते. कधी भांडतेही.

म्हणून आता ऐक, आणि या वेळी वाक्य पुरं करू दे. मी गेल्यावर माझ्या देहापाशी कुणाशी भांडायचं नाही. वन्संचे गुडघे धरतात, तरी तीन जिने चढून रोज येतात, पेज गाळून आणतात, मला भरवतात. त्या दिवशी त्यांचा हात धरायचा नाही, त्यांना एका शब्दानं दुखवायचं नाही. माझी हौस मी भागवतेय. तुझं वचन तुला परत. त्यात कमीपणा मानू नकोस.

हात दुखतो, थांबते. सोलं संपली, सासूबाईंना कळव. तू आहेस हे मनाला फार आहे.

तुझी
मावशी


घोडपदेव
१ जून २०२५

चि. ध्रुव यास,

सुरुचीताईचे अनेक आशीर्वाद. तुला पत्र बघून नवल वाटेल. फोनवर हे सांगायला गेले की मला रडू फुटतं आणि तुला वाटतं मी काहीतरी लपवतेय. आणि मावशीला लिहून लिहून हाताला सवय लागलीय, आता तिला लिहिता येत नाही तर तुला लिहिते.

तुला तिकीट मिळालं नाही, तुला आईला व्हिडिओवरच निरोप द्यावा लागला, हे तुला किती लागलंय ते मला कळतं. त्यात तू तिच्या पापण्या पाहिल्यास. तेव्हापासून तू मला तीनदा विचारलंस की डोळे असे निळे का होते, कुणीतरी तुला सांगितलं की प्राणवायू कमी पडला की असं होतं, म्हणजे आई गुदमरून गेली आणि मी तिथे नव्हतो, असं तुझ्या मनात बसलंय. खालचे डॉक्टर म्हणाले होते की हृदय एकदम थांबलं. पण त्यांनी नाडी बघितली नि सही केली, डोळ्यांबद्दल त्यांना कुणी विचारलंच नाही. शालनआत्या तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, बिचारीनं काय सोसलं असेल, शेवटी डोळे काळेनिळे पडले. अजूनही सांगते.

त्या दिवशी आत्याला दवाखान्यात जायचं होतं म्हणून ती नेहमीपेक्षा लवकर पेज घेऊन आली. मावशी खाटेवर सरळ निजलेली होती. मी पोचले तेव्हा बायका जमल्या होत्या. मी बघितलं आणि मला एका क्षणात कळलं. ध्रुव, ती आयशॅडो होती. राखाडी निळी. मीच तिला निवडून दिलेली. डावा डोळा जरा गडद होता, तो तिचा नेहमीच व्हायचा.

सगळं सांगते. बारशाचं, पाटीचं, काकांचं सगळं आमच्या दोघींच्या पत्रांत आहे, ती या पाकिटात आहेत, तू सावकाश वाच. तिनं मला बजावलं होतं की आत्याला दुखवायचं नाही, म्हणून मी तोंड उघडलं नाही. आंघोळ घालताना आत्यानं ओलं फडकं माझ्या हातात दिलं आणि तोंड पूस म्हणाली. मी कपाळ पुसलं, गाल पुसले, मान पुसली. डोळ्यांपाशी आले तर आत्यानंच माझा हात धरला. राहू दे म्हणाली, तिथे तिला फार दुखलं असेल. तशीच नेली तिला. कुणी पुसलं नाही. मला हसू येत होतं आणि मी धाय मोकलून रडत होते.

पण माझ्या गप्प बसण्यानं आत्या रोज रडते आणि तू तिकडे झोपत नाहीस, हे मला सहन होत नाही. आत्याला सांगायचं की नाही ते तू ठरव, मला धीर नाही. तू मात्र हे खरं धर. तुझी आई गुदमरून गेली नाही रे. सकाळी उठली, तोंड धुतलं, काकांच्या खुर्चीसमोर बसून दोन्ही डोळ्यांना रंग लावला, आणि धुवायची वेळ व्हायच्या आत गेली.

तुझी
ताई